कोरडवाहू जमिनीचा कस उतरत असल्यास तो कसा ओळखावा व कसा राखावा

वळवाचा जोरदार पाऊस पडून गेला की शेताच्या उताराकडील कोपऱ्यात जाऊन बाहेर पडणारे पाणी पाहावे. ते गढूळ असेल, तर मातीतील सर्वांत बारीक कण आणि सेंद्रिय पदार्थ, म्हणजे ओल व अन्नद्रव्ये धरून ठेवणारा भागच, वाहून चालला आहे. माण, आटपाडी, सांगोला या दुष्काळी तालुक्यांत वाळवंटीकरण, म्हणजे जमीन हळूहळू नापीक होत जाणे, बहुधा असेच सुरू होते. इस्रोच्या नकाशांनुसार २०११-१३ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ४५ टक्के क्षेत्राचा ऱ्हास झालेला होता. म्हणून ही पाहणी दरवर्षी करावी.

दुसरी परीक्षा घरीच होते. वाळलेले मातीचे छोटे ढेकूळ काचेच्या पेल्यातील पाण्यात अलगद सोडावे. बांधावरच्या गवताखालचे ढेकूळ बराच वेळ टिकते. सतत नांगरलेल्या, शेणखत न मिळालेल्या रानातले मात्र बघता बघता विरघळून तळाशी बसते. अशा मातीवर पावसानंतर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही आणि उगवण विरळ होते. दोन्ही ढेकळे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. आपल्याच रानातील हा फरक मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

त्यानंतर माती परीक्षण करावे. झाडाखालची, बांधालगतची व खताच्या ढिगाजवळची जागा टाळून इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यावेत आणि नांगरटीच्या खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना पाठवावा. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून व शेणखतातून मातीत आलेला कार्बन, ०.५ टक्क्यांहून कमी असेल, तर तो कमीच समजावा. सामू (पीएच, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा) ८.५ च्या वर गेला असेल, तरच चोपण जमीन सुधारणाऱ्या जिप्समचा विचार करावा, तोही अहवालातील मात्रेप्रमाणे.

उपायांत पहिला मान उताराला आडव्या मशागतीचा व पेरणीचा आहे, कारण माती जागेवर थांबली नाही तर घातलेले खतही तिच्याबरोबर जाते. रब्बी ज्वारीच्या रानात पावसाळ्यातच आडव्या सऱ्या किंवा लहान वाफे पाडून पाणी मुरवावे. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या खताचे झाड) लावून त्याचा पाला मातीत मिसळावा आणि तुरीच्या तुराट्या, सरपणाची गरज भागल्यावर उरतील तेवढ्या, न जाळता बारीक करून आच्छादनासाठी वापराव्यात. खारवट बोअरचे पाणी सतत देणे मात्र टाळावे. कमी पावसात क्षार धुऊन जात नाहीत आणि उन्हाळ्यात ते पांढऱ्या थराच्या रूपाने वर येतात.