इंग्लिशमध्ये भावना लिहिताय? मग या चुका टाळा

माझी भाची दहावीला आहे. आजोबा गेले त्यावर तिने इंग्लिशमध्ये निबंध लिहिला, त्यात एक वाक्य होतं, ‘वॉटर केम इन माय आईज.’ पोरीने अगदी मनापासून लिहिलेलं, पण इंग्लिश वाचणाऱ्याला त्यात रडू दिसतच नाही. आपल्याकडे डोळ्यात पाणी येतं, त्यांच्याकडे टिअर्स येतात. बरं, ‘माय आईज वॉटर्ड’ केलं तरी आधी कांदा नाहीतर धूर आठवतो. ‘माय आईज फिल्ड विथ टिअर्स’ लिहायचं, झालं काम.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, मराठी वाक्प्रचार शब्दाला शब्द लावून उचलायचा. जीव भांड्यात पडला याचं इंग्लिश करताना भांडं सोडून द्या आणि आधी स्वतःला विचारा की नक्की काय वाटलं होतं, तर सुटकेचा निःश्वास, मग ‘इट वॉज अ वेट ऑफ माय माइंड.’ तळपायाची आग मस्तकात गेली असेल तर ‘आय सॉ रेड’, तिथे पायही नाही आणि आगही नाही.

दुसरं म्हणजे सारखे दिसणारे फ्रेझ. ‘माय ब्लड बॉइल्ड’ म्हणजे राग, हे आपल्याला लगेच कळतं कारण आपलंही रक्त खवळतं. पण ‘माय ब्लड रॅन कोल्ड’ म्हणजे राग शांत झाला असं नाही हं, भीतीने गारठून गेलो असं. हार्टचं तर फारच जपून. वाईट बातमी ऐकून मन खचलं की ‘माय हार्ट सँक’, धाकधूक होत असेल तर ‘माय हार्ट वॉज इन माय माउथ’, आणि ‘माय हार्ट गोज आउट टू यू’ हे दुसऱ्याच्या दुःखात म्हणायचं, कुणाला नोकरी लागली म्हणून अभिनंदनाच्या मेलमध्ये नाही!

छोटे शब्दही गाळू नका. ‘ओव्हर द मून’ (खूप आनंदात) मधला ‘द’ हवाच, ‘क्लाउड नाइन’ (याचाही अर्थ तोच) च्या आधी ‘इन’ नाही, ‘ऑन’. ‘बिसाइड मायसेल्फ’ (म्हणजे भान हरपलं) ला पुढे ‘विथ ग्रीफ’ किंवा ‘विथ जॉय’ जोडा, नाहीतर दुःख की आनंद हे वाचणाऱ्याने ओळखायचं.

आणि कुणाच्या घरी कुणी गेलं असेल तर मला विचाराल तर यातलं काहीच नको, ‘आय ॲम सो सॉरी’ लिहा आणि गेलेल्या माणसाची एखादी आठवण लिहा.