विम्याने नाकारलेला एसीचा कॉम्प्रेसर असा मंजूर झाला

लातूरला माझं औषधांचं दुकान आहे. बरीच औषधं २५ अंशांच्या आत ठेवावी लागतात आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे एसी म्हणजे चैन नव्हे. अवकाळी वादळात लाईट येजा करत होती, जादा व्होल्टेजने कॉम्प्रेसर जळाला. विमा कंपनीने दावा नाकारला: शॉर्टसर्किट पॉलिसीत बसत नाही.

आगीच्या विम्यात असं कलम खरंच असतं. शॉर्टसर्किटने जळालेलं ते यंत्र भरपाईतून वगळतात. त्यातून आग लागून शेजारचा माल जळाला, तर तो मात्र धरतात. पण माझी पॉलिसी दुकानदारांसाठीची एकत्रित होती. एजंटकडून पूर्ण प्रत मागवली (आपल्या हातात बहुतेकदा पहिलंच पान असतं), तर आत यंत्रबिघाडाचा वेगळा विभाग, त्यात एसीची नोंद आणि हप्ताही भरलेला!

मेकॅनिककडून लेखी घेतलं: वाइंडिंग (आतल्या मोटरची तारेची गुंडाळी) जळालं, कारण व्होल्टेजचा चढउतार. नुसतं 'खराब झाला' लिहिलं की झीज म्हणून नाकारायला वाव मिळतो. जळका कॉम्प्रेसर भंगारात न देता सर्व्हेअरला (नुकसानीची पाहणी करणाऱ्याला) दाखवला. मग विभागाचं नाव लिहून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. पैसे मिळाले, ठरलेली वजावट (पॉलिसीनुसार आपणच सोसायची रक्कम) आणि गॅस भरण्याचा खर्च सोडून.

कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल आम्हा लातूरकरांसाठी पुण्यात आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानालाही तिथे दाद मागता येते. फी नाही, वकीलही लागत नाही.