कन्सल्टिंगसाठी एमबीए: अर्ज नेमका कोणत्या वर्षी भरावा?

अप्रेझल मनासारखं झालं नाही की हिंजवडीतल्या निम्म्या टीमला एमबीए आठवतो. त्या रागाच्या भरात अर्ज भरू नका. कन्सल्टिंगमध्ये जायचं असेल, तर कंपन्या कॅम्पसवर कधी येतात ते आधी बघायचं आणि तिथून उलटं मोजत मागे यायचं.

त्याआधी एक खुलासा. खराडीतल्या बऱ्याच ऑफिसांच्या पाटीवर कन्सल्टिंग असतं, पण आत एसएपी हे कंपन्यांचं सॉफ्टवेअर बसवण्याचं काम चालतं. काम चांगलंच आहे, पण त्यासाठी दोन वर्षं आणि लाखोंचं कर्ज लागत नाही. इथे विषय मॅकिन्झी, बीसीजी, बेन यांच्या पठडीतल्या, म्हणजे कंपन्यांच्या वरिष्ठांना धंद्याचा सल्ला देण्याच्या कामाचा आहे.

पायरी १: शॉर्टलिस्ट कधी लागते ते बघा. आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वर्ग जूनच्या आसपास सुरू होतात आणि समर इंटर्नशिपची निवड दिवाळीच्या आगेमागे उरकते. एवढ्या दिवसांत तिथलं शिक्षण सीव्हीवर कितीसं उमटणार? निवड होते ती पुण्याहून नेलेल्या सीव्हीवर: दहावी-बारावी-पदवीचे गुण, नोकरीतलं काम आणि त्यापलीकडचं एखादं ठळक यश. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात तर समर इंटर्नशिप बहुधा नसतेच, त्यामुळे स्वतःला सिद्ध करायची ती संधीही नाही. ‘तिथे गेल्यावर प्रोफाइल बनवू’ हा विचार सोडून द्या.

पायरी २: आजच एक पानी सीव्ही लिहा. ‘चाकणच्या प्लांटमध्ये क्वालिटी सांभाळली’ हे वाक्य चालणार नाही. रिजेक्शन किती टक्क्यांवरून कितीवर आणलं, त्यात तुमचा निर्णय कोणता, हे लिहिता आलं पाहिजे. आयटीवाल्यांनी ‘टीमने केलं’मधून ‘मी केलं’ वेगळं काढावं. अशा तीन-चार ओळी जमल्या, तर याच वर्षी अर्ज करा. नसतील जमत, तर एक वर्ष थांबा आणि मॅनेजरकडून क्लायंटशी थेट बोलण्याचं किंवा खर्च कमी करण्याचं काम मागून घ्या. एप्रिलमध्ये बढती येणार असेल, तर ती पदरात पाडून मगच अर्ज करा.

पायरी ३: अनुभवाप्रमाणे परीक्षा निवडा. तीन वर्षांपर्यंत अनुभव असेल तर कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा द्या. जोडीला सिम्बायोसिससाठी स्नॅप आणि मुंबईच्या जमनालाल बजाजसाठी राज्याची सीईटी. मात्र मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या सगळ्या कॅम्पसवर जात नाहीत. प्लेसमेंट अहवालात सरासरी पगाराऐवजी कोणत्या कंपनीने किती जण घेतले ते वाचा. अनुभव जास्त असेल तर एक वर्षाचे अभ्यासक्रम बघा: आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) मुख्य अभ्यासक्रमाला साधारण २ वर्षं अनुभव लागतो, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला ४, आयआयएम बंगळूरच्या ईपीजीपीला ५. पाच-सहा वर्षं झाल्यावर फ्रेशरांच्या वर्गात जाऊन बसू नये, असं माझं मत. त्या अनुभवाला तिथे फारसा भाव मिळत नाही.

पायरी ४: परीक्षा आणि अर्ज यांची सांगड सोडवा. कॅट वर्षातून एकदाच, नोव्हेंबरअखेरीस होते आणि गुण त्याच प्रवेशवर्षापुरते चालतात. आयएसबी, पीजीपीएक्स, ईपीजीपी आणि परदेशी कॉलेजांसाठी चालणाऱ्या जीमॅट या परीक्षेचे गुण मात्र ५ वर्षं ग्राह्य असतात. म्हणून प्रोजेक्ट थंड असेल तेव्हा जीमॅट उरकून टाका आणि सीव्ही पिकला की अर्ज करा. अमेरिकेतल्या कॉलेजांची पहिली फेरी सप्टेंबरच्या सुमारास असते आणि दुसरी जानेवारीत. सप्टेंबर गाठायचा तर निबंध जूनपासून लिहायला घ्या आणि शिफारसपत्र देणाऱ्या मॅनेजरला तेव्हाच विश्वासात घ्या. तिसरी फेरी वसंतात येते. व्हिसा आणि कर्जाची धावपळ बघता आपल्याकडच्या मुलांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

पायरी ५: नोटीस पीरियड मोजा. कॅटवाल्यांचा प्रवेश एप्रिल-मेमध्ये पक्का होतो, वर्ग जूनमध्ये भरतात आणि पुण्यातल्या कितीतरी कंपन्यांत नोटीस ९० दिवसांची असते. हा हिशेब बसत नाही. ऑफर लेटर काढून बायआउटची, म्हणजे पैसे भरून नोटीस संपण्याआधी सुटायची सोय आहे का, त्याचे किती पैसे पडतात, बाँड कधी संपतो हे अर्ज भरण्याआधीच बघून ठेवा.