जुन्या जिप्सीला चोरस्विच
माझ्या जुन्या एमपीआय (पेट्रोल इंजेक्शनवाल्या) मारुती जिप्सीला इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) नाही; त्यात रुंद टायर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचा रहाट), जादा दिवे. म्हणजे चोराला आमंत्रणच! स्टिअरिंग लॉक होतं, पण ते करवतीपुढे किती टिकणार? शेवटी वायरिंगवाल्याकडून फ्युएल पंपाच्या रिलेला (पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचला) चोरस्विच, म्हणजे लपवलेला स्विच, बसवून घेतला. पंपाची जाड वायर तोडायची नाही. रिले चालू करणाऱ्या कॉइलची बारीक वायर स्विचमधून फिरवायची. तिथे करंट अर्ध्या अँपिअरहूनही कमी, त्यामुळे छोटा स्विच पुरतो, तापत नाही. वायर मूळ रंगाचीच घेतली, जोड सोल्डर करून वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली. आता स्विच बंद असला की लाइनमधल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर इंजिन जरा घुरघुरतं आणि बसतं. चालत्या गाडीत चुकून हात लागणार नाही अशी जागा मात्र बघा. विंच, टायर विमा पॉलिसीत नोंदवून घेतले. नाहीतर क्लेमच्या वेळी कटकट.