सीसी वाढवायची की टर्बो? आधी कॉम्प्रेशन मोजा

जुन्या पेट्रोल इंजिनाची ताकद सीसी (सिलिंडरांचं एकूण आकारमान) वाढवून किंवा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) बसवून वाढवायची असेल, तर पैसे मोजण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, असं मोजा.

१. इंजिन गरम करून सगळे प्लग काढा. इग्निशन आणि पेट्रोलपुरवठा तोडा.
२. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज (दाबमापक) लावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा टिपा.
३. एखादा आकडा फार कमी असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) झिजलाय. इंजिन खोलावंच लागणार, मग त्याच खर्चात बोअरिंग (बोअर मोठा करणं) उरका.

मात्र ७५ मिमी व्यासाचा बोअर १ मिमीने वाढवून सीसी जेमतेम २.७ टक्के वाढते. खरी वाढ हवी तर लांब स्ट्रोकचा (पिस्टनची वर-खाली धाव वाढवणारा) क्रँक लागतो. आकडे चांगले नि एकसारखे असतील तर टर्बोच घ्या, घाटात तो फारच उपयोगी.

ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ट्यूनिंग केल्याशिवाय बूस्ट (टर्बोचा जादा हवादाब) देऊ नका, नॉकिंगने (पेट्रोल अवेळी भडकल्याने) पिस्टन फुटतात.