हेवीझला जाताय? पोहायला नाही, तरंगायला जा

बुडापेस्टला जाणारे पुण्यातले बरेचजण चार दिवस शहरातच फिरतात आणि तिथून व्हिएन्नाची ट्रेन पकडतात. त्यातला एक दिवस, जमलं तर एक रात्र, हेवीझसाठी काढाच. बालाटन सरोवराच्या पश्चिम टोकाजवळ हा गरम पाण्याचा तलाव आहे. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांसारखं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं, पण हा साडेचार हेक्टरच्या जवळपास पसरलाय, भोवती झाडी आणि तळाशी 38 मीटर खोल झरा. पाणी इतकं जोरात येतं की तीनेक दिवसांत अख्खा तलाव बदलतो.

जायचं कसं? बुडापेस्टच्या नेपलिगेत स्टँडवरून बस मिळते, अडीच-तीन तास लागतात. ट्रेनच हवी असेल तर केस्टहेयला उतरा, कारण हेवीझला स्टेशनच नाही, आणि तिथून लोकल बसने पंधरा-वीस मिनिटं. परतीची शेवटची बस आधीच बघून ठेवा.

उन्हाळ्यात पाणी 35 डिग्रीच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या एप्रिलमध्ये टाकीतलं येतं ना तसंच, त्यात काय मजा. मला विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट, बाहेर हुडहुडी, पाण्यावर वाफ, आणि थंडीत पाणी थोडं निवलं तरी आत सुखच वाटतं. तलावातली लाल कमळं तर मूळची आपल्याकडचीच, 19व्या शतकाच्या शेवटी तिथे लावली. तोडू मात्र नका, सगळा परिसर संरक्षित आहे.

आता मुख्य मुद्दा. पाय टेकत नाहीत! पोहता येत असलं तरी रिंग घ्या, भाड्याने मिळते. माझ्या आईला पोहता येत नाही, आधी नको नको म्हणाली, मग रिंगमध्ये बसून दांड्याला धरून अशी निवांत तरंगली की बाहेर यायचं नाव घेईना, शेवटी मीच बाहेर काढली, कारण एका वेळी अर्ध्या तासाच्या वर राहू नका असं तिथे सांगतात. बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कॉस्च्युम, टॉवेल, स्लिपर पुण्यातूनच न्या. चांदीचे दागिने रूमवर काढून ठेवा, पाण्यात गंधक आहे, काळे पडतात.

व्हिसा शेंगेन, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशीर करू नका. चलन फोरिंट, युरोवर विसंबू नका.

शाकाहारी असाल तर 'हूश नेल्कूल' एवढं पाठ करा, म्हणजे मांसाशिवाय. आणि लांगोश खाच, भटुऱ्यासारखाच तळलेला पण जाड, वर लसूण, आंबट क्रीम, चीज. दोघांत एक पुरतो म्हणून आम्ही एकच घेतला, तो आईने एकटीने संपवला.