करामोजाँग भाषेत 'दुखतंय कुठे?' विचारायला शिकले, माझा अनुभव

युगांडात मोरोटोजवळच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून होते. सुरुवातीला मी जाम खुश, कारण पेशंट आला की 'एजोका?' विचारायचं आणि तो 'एजोक' म्हणायचा, म्हणजे बरंय. आता तापाने फणफणलेला माणूसही बरंय म्हणतोय म्हटल्यावर डोकं चक्रावलं! मग कळलं की तो नमस्कार-चमत्कार आहे, आपण नाही का 'काय म्हणता, बरंय ना' करत, तसाच. तेव्हापासून आधी रामराम नीट उरकायचा आणि मग स्वतःच्या अंगावर हात ठेवून विचारायचं, अकोऊ म्हणजे डोकं, अकोंगू म्हणजे डोळा, पण दोन्ही डोळे म्हणायचे तर ङाकोन्येन. स्त्रीलिंगी अनेकवचनाला पुढे ङा लागतो, पाणी आणि दूधही तिथे अनेकवचनीच, पाणी ङाकिपी, दूध ङाकिले. शाळेत ङ नुसता घोकला होता, त्याने सुरू होणारा शब्द इथे पहिल्यांदा तोंडात आला :) शेवटचा स्वर तर बऱ्याचदा नुसता कुजबुजतात, कान देऊन ऐकावं लागतं.

पोटातल्या अवयवांचे शब्द मात्र वहीतून काही येईनात. ही गुराखी माणसं, आतडी बघून शकुन सांगणारी, त्यांना आतलं सगळं पाठ. आमच्या मदतनीस मावशींनी बोकड कापला तेव्हा शेजारी बसवलं, काळीज, आतडी एकेक बोटाने दाखवत नाव सांगायच्या, मी चुकले की पोरं खिदळायची. ते शब्द अजून विसरले नाहीये.